शेवटचा फर्मा

ताई देवाबद्दल लिहायची आणि खुनाबद्दल वाचायची. पहिली गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक होती, दुसरी फक्त धाकट्या बहिणीला.

श्रद्धेला वाहिलेलं एक मासिक होतं. त्यातलं 'आजचं चिंतन' हे सदर ताईकडे होतं. महिन्याच्या प्रत्येक तारखेला दहा-बारा ओळी. लोक त्या कापून आरशाच्या कडेला खोचायचे, ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवायचे, आजारी नातेवाइकांना पाठवायचे. देव वेळ का लावतो, हा तिचा हातखंडा विषय. धीर धरायला शिकवावं तर ताईंनीच, असं संपादक म्हणायचे, आणि तिचा मजकूर एक दिवस उशिरा पोचला तर स्वतः मात्र सकाळपासून फोन करत सुटायचे.

धाकटीला सगळे डिंकी म्हणत. घरात वडलांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, आणि ही पोर पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधीच डिंकात बोटं बुडवून बसायची, म्हणून ते नाव. खरं नाव पुढे तिलाही सही करतानाच आठवायचं. ताई लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत नवरा वारल्यावर एकटी परत आली. डिंकी कुठे गेलीच नाही. वडील गेल्यावर दुकान तिनं चालवलं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर दाभण, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, ज्याचं चाक फिरवायला डिंकीला अख्खं अंग टाकावं लागायचं.

काम यायचं ते बहुतेक वाचनालयाकडून. आणि वाचनालयाकडून यायच्या त्या बहुतेक रहस्यकथा.

"बघ ताई," डिंकी म्हणायची, "तुझी ती देवाधर्माची पुस्तकं वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहतात. खुनाची मात्र सहा महिन्यांत हाडं खिळखिळी. काय ते समज."

"लोक पापी आहेत," ताई म्हणायची.

"हो ना. आणि तू लोकां सांगे ब्रह्मज्ञान. सरक, तिसरा फर्मा वाचून झालाय माझा."

फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे पंधरा-वीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. जुनं पुस्तक नव्यानं बांधायचं तर आधी ते उसवावं लागतं. पुठ्ठा काढायचा, पाठीचा वाळका डिंक खरवडायचा, दोरा कापायचा आणि फर्मे सुटे करायचे. आता या सुट्या फर्म्यांना मुखपृष्ठ नसतं. रक्त ठिबकणारा सुरा नाही, किंचाळणारी बाई नाही, काही नाही. नुसते पिवळट कागद. आणि ताईचं म्हणणं असं, की जे पुस्तक या घडीला पुस्तकच नाही, ते वाचण्यात कसलं आलंय पाप! माणसानं स्वतःला फसवायचं ठरवलं की त्याला वकील लागत नाही.

तर बहिणींचा रिवाज असा पडला होता. संध्याकाळचं जेवण झालं की रोज एक फर्मा. आधी डिंकी वाचणार, मग टेबलावरून तो ताईकडे सरकवणार. पुढचं वाचलेलीनं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा नियम. मग भांडी घासताना दोघींची जुंपायची. ताईचा संशय नेहमी नास्तिक माणसावर. डिंकीचा नेहमी सगळ्यांत गोड बोलणाऱ्यावर. डिंकी बहुतेक वेळा जिंकायची आणि ताईला त्याचा रागही यायचा. शेवटचा फर्मा मात्र एकटीनं वाचायचा नाही. तो ताई मोठ्यानं वाचायची, कारण प्रार्थना म्हणून म्हणून तिचा आवाज तयार झालेला होता, आणि डिंकी दोऱ्याला मेण लावत ऐकायची. दुसऱ्या दिवशी शिलाई. असं किती पुस्तकांचं झालं याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मग डिंकीच्या पोटात दुखायला लागलं.

आधी तिनं ते अंगावर काढलं, कारण शाळांची कामं आली होती. नंतर ओवा, नंतर गोळ्या, नंतर डॉक्टर, आणि शेवटी मोठं हॉस्पिटल. तिथे तिचं पोट उघडलं आणि आतला प्रकार बघून तसंच बंद करून टाकलं. शुद्धीवर आल्यावर डिंकीनं पांघरूण वर करून टाके बघितले. "शिलाई बरी घातलीये," ती म्हणाली. "आत दुरुस्ती काही केलेली दिसत नाही." ताई बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. आत रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

घरी आल्यावर डिंकीनं खाट पुढच्या खोलीत टाकायला लावली, शिकंज्याशेजारी. तिथे खळीचा वास येतो, त्यानं बरं वाटतं म्हणाली. वाचनालयातून आलेलं शेवटचं पुस्तक तिनं उशांना टेकून, मांडीवर फळी घेऊन उसवलं. एरवी तासाभराचं काम, त्याला तिला दोन दिवस लागले. जाडजूड कादंबरी होती. एका छोट्या शहरातल्या औषधविक्याला कोणीतरी त्याच्याच दुकानातलं औषध घालून मारतं, अशी गोष्ट. फर्मे सुटे करून, नीट रचून तिनं खाटेजवळच्या स्टुलावर ठेवले. हे तिच्या हातचं शेवटचं काम. त्यानंतर तिला कागदसुद्धा जड व्हायला लागला, म्हणून सगळेच फर्मे ताई वाचून दाखवू लागली.

एका संध्याकाळी डिंकी फारच खालावली. डॉक्टर येऊन गेले आणि दारात चपला घालताना म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायला कोण होतं! ताईनं दार लावलं, खाटेपाशी येऊन बसली, आणि काय करावं ते न सुचून फर्मा उचलून वाचायला लागली. औषधविक्याच्या नोकराचं प्रेत बर्फाच्या पेटीत सापडतं, तिथवर आली. डिंकी तासन्‌तास डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे उघडले.

"मग? पुढे?"

"पुढचं उद्या," ताई म्हणाली. फर्मा खरोखरच तिथे संपत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंकीनं चहा मागितला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ताईला सोळा पानांचा मिळाला. तिच्या मनानं घेतलं, की ही गोष्ट डिंकीला धरून ठेवते आहे. पुढे काय, हे कळायचं राहिलंय तोवर ती जाणार नाही. जन्मभर दोघींनी उद्याचा फर्मा, उद्याचा फर्मा करत दिवस ढकलले; आता तोच उद्या देवानं तिच्या हातात दिलाय. हा संकेतच आहे. त्या दुपारी तिनं यावर एक चिंतनही लिहिलं, पुस्तकाचा उल्लेख न करता अर्थातच. संपादकांचा फोन आला, वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणाले.

मग ताई कंजूस झाली. रोज फर्म्याऐवजी अर्धा फर्मा. मग चार पानं. मग दोन. घसा बसलाय म्हणायची, चष्म्याची काच धूसर झालीये म्हणायची, कालचं तुला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मागचंच पुन्हा वाचायची. डिंकी ऐकून घ्यायची. कधी नुसती म्हणायची, "हे झालंय, ताई." पण गोष्ट ती गोष्ट, कितीही ताणली तरी संपत येते. शेवटून दुसरा फर्मा संपला त्या संध्याकाळी औषधविक्याचा मेहुणा, त्याची घरकामाची बाई, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि शहरातला धर्मोपदेशक अशा चौघांना तपास अधिकाऱ्यानं एका खोलीत बसवलं होतं आणि दाराला आतून कडी घातली होती.

डिंकीला झोप लागल्यावर ताईनं स्टुलावरचा शेवटचा फर्मा उचलला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि आतल्या कपाटात लोकरीच्या पांघरुणांमागे ठेवला. तो वाचून बघायचा मोह तिला झाला नाही. ते तिच्या लेखी पुस्तकाचं पान राहिलंच नव्हतं.

"सापडत नाहीये गं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "इथेच होता. कुठे गेला कोण जाणे."

ज्या घरात सुईचं टोकसुद्धा डिंकीनं ठेवल्या जागेवरून हललं नव्हतं, त्या घरात सोळा पानं हरवली.

"शोध," डिंकी म्हणाली. "काखेत कळसा असेल, बघ."

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "सापडला?" आणि ताईचं एकच उत्तर. "शोधतेय." लिखाणात जिनं कधी स्वल्पविरामही खोटा टाकला नाही, तिची जीभ आता सफाईनं चालायला लागली. एकदा तर डिंकीसमोर टेबलाखाली वाकून, कचऱ्याची टोपली उपडी करून तिनं शोधल्याचं नाटकही केलं. आणि डिंकी रोज जिवंत होती, त्यामुळे ताईला आपलं बरोबरच वाटत होतं.

मध्येच ग्रंथपाल येऊन उभे राहिले. सुके, उंच गृहस्थ, वाचकाचं नाव विसरतील पण पुस्तकाचा क्रमांक विसरणार नाहीत. डिंकीची चौकशी केली, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "त्या पुस्तकाला फार मागणी आहे, बाई. नुसते फर्मे दिलेत तरी दुसरीकडून बांधून घेईन."

"शेवटचा फर्मा सापडत नाहीये," ताई दारातूनच म्हणाली. "तिचं ऐकायचं राहिलंय तेवढं."

"अरेच्चा, एवढंच ना? मग मी सांगतो की त्यांना शेवट! मला पाठ आहे. तो खून—"

ताईनं दार लावलं. थेट त्यांच्या नाकावर. आयुष्यात तिनं कोणाच्या तोंडावर दार लावलं नव्हतं.

"कोण होतं गं?" आतून डिंकीनं विचारलं.

"कोणी नाही. घर चुकला होता कोणीतरी."

नर्स सकाळ-संध्याकाळ यायची. थोडक्यात बोलणारी, कामाला चोख बाई. एके दिवशी डिंकीची जखम पुसून झाल्यावर ती स्वयंपाकघरात हात धुवायला आली आणि नळ चालूच ठेवून हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक बोलू? तो कागद सापडला का?"

"कुठला कागद?"

"त्यांच्या गोष्टीचा शेवट. सापडला तर बरं होईल हो. त्यांना मोठं इंजेक्शन डॉक्टरांनी कधीच लिहून दिलंय. दुखण्याचं. ते त्या घेतच नाहीत. मी दोन्ही वेळा विचारते. म्हणतात, त्यानं डोकं ढगात जातं. मला शेवट शुद्धीत ऐकायचाय, तो ऐकला की द्या."

ताई म्हणाली, "पण तिला दुखत नाही फारसं. ती तर... शांत असते."

"तुमच्यासमोर," नर्स म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीये. पण मला बघवत नाही आता. उशीचे अभ्रे बघा तुम्ही, कळेल."

नर्स गेली. अभ्रे बघायची ताईला गरज नव्हती. एका अभ्र्याचा कोपरा फाटून चिंध्या झालेला तिला आठवड्यापूर्वी दिसला होता. कापड जुनं झालंय असं समजून तिनं तो शिवला होता. मग दुसऱ्याचा फाटला, तोही शिवला होता. दातांनी कापड फाटतं तेव्हा कसं दिसतं हे तिला कुठून माहीत असणार, असं कोणी म्हणेल. पण रहस्यकथा वाचण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला आपल्याच घरातला एवढा ढळढळीत पुरावा दिसू नये? दिसला होता. तिला तो वाचायचा नव्हता.

आता तिनं काय करायला हवं होतं, ते शेंबडं पोरही सांगेल. ताई कपाटापाशी गेली. पांघरुणांमागून टॉवेल काढला. फर्मा हातात घेतला. आणि तिच्या मनात आलं, हा वाचून झाला की सुई. सुई दिली की झोप. त्या झोपेतून डिंकी परत यायची नाही. म्हणजे मी ही सोळा पानं वाचायची आणि शेवटच्या पानावर माझी बहीण जाणार. तिनं फर्मा परत गुंडाळला आणि होता तिथे ठेवला.

इथे ताईची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता तिला माहीत होतं. तरी ती डोळे मिटून देवासमोर बसली आणि म्हणाली, मला एकच दिवस दे, आणि काय करू ते सांग. देवाला काय सांगायचं असेल ते असो, पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"ताई... सापडला?"

"उद्या बघते," ताई म्हणाली.

तो उद्या उजाडला. दुपारी ताई टेबलाशी डिंकीकडे पाठ करून पुढच्या महिन्याचं चिंतन लिहायला घेऊन बसली होती. लिहिलं एक अक्षर जात नव्हतं. समोर खिडकी होती, बाहेर ढगाळून आलेलं, त्यामुळे काचेत मागची खोली दिसत होती. ताई मागे वळली. डिंकी शांत पडली होती. डोळ्याला डोळा भिडल्यावर हसलीही थोडी. "लिही, लिही," म्हणाली. ताईनं मान परत पुढे केली, आणि काचेत तिला दिसलं.

आपली पाठ फिरली असं समजून डिंकीनं चेहरा सोडून दिला होता. तो तिचा चेहराच नव्हता. ओठ दातांवरून मागे गेले होते, डोळे छताला लागले होते, आणि तिनं एका हातानं शिकंज्याचं चाक असं धरलं होतं की मनगटाची हाडं वर आली होती. आवाज मात्र काही नाही. अजिबात नाही. ताई खुर्चीत हलली मात्र, आवाज ऐकून डिंकीनं चाक सोडलं, तोंड मिटलं, आणि चेहरा पुन्हा नीट केला. पाहुणे यायच्या आधी चादर सारखी करावी तसा.

ताईनं ते पुन्हा बघितलं नाही. ती उठली, आत गेली आणि फर्मा घेऊन आली. टॉवेलसकट आणला, सोंग करायचं त्राण उरलं नव्हतं.

"सापडला," ती म्हणाली.

"आला का," डिंकी म्हणाली. "बस. सावकाश वाच."

ताईनं वाचायला सुरुवात केली. प्रार्थनेवर कसलेला तिचा आवाज पहिल्याच ओळीला चिरकला, मग लागला. तपास अधिकारी खोलीत येरझाऱ्या घालत होता. मेहुण्यावरचा संशय त्यानं एका पानात झटकून टाकला. धर्मोपदेशक सुटला तेव्हा ताई सवयीनं म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं." घरकामाची बाई सुटली. भाडेकरू तेवढा उरला. डिंकीचा संशय पहिल्यापासून त्याच्यावर, कारण तो सगळ्यांना सारखा चहा करून द्यायचा. तिनं मान उशीवरून अर्धा इंच उचलली.

आणि मग अधिकाऱ्यानं दाराची कडी काढली, आणि बाहेरून आत आला तो मेलेल्या औषधविक्याचा जुळा भाऊ. लहानपणी बोटीवर हरवलेला. सगळं त्यानं केलं होतं.

ताई थांबली. पान उलटून मागचं बघितलं, परत पुढचं बघितलं.

"जुळा भाऊ?" डिंकी म्हणाली.

"जुळा भाऊ."

"हा आधी होता कुठे?"

"नव्हताच. एका ओळीतसुद्धा नव्हता."

"अगं पण..." डिंकीला हसू फुटलं. हसू आणि कळ एकदमच आली, तिला कुठलं आधी आवरावं ते कळेना. "मेल्यानं बोटीवरून आणला! ह्या असल्या शेवटासाठी मी जीव धरून बसले होते गं!"

ताईही हसली. किती दिवसांनी दोघी एकदम हसल्या, भांडी घासताना हसायच्या तशा, आणि हसता हसता ताईच्या लक्षात आलं की डिंकीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते हसण्याचं नाही.

"उरलेलं वाचू?" तिनं विचारलं. दीड पान राहिलं होतं.

"नको. सिस्टरना बोलाव."

नर्स संध्याकाळच्या आधीच आली. तिनं काही विचारलं नाही. पिशवी उघडली, काचेची कुपी फोडली, सुई भरली. ताईनं डिंकीचा दंड धरला. हात इतका बारीक झाला होता की तिची बोटं एकमेकांना लागली. सुई टोचली, आणि नर्स आपली पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. थोडा वेळ होता आता. ताईला जन्मात बोलायचं राहिलेलं सगळं त्या थोड्या वेळात बोलायचं होतं, आणि तोंडातून एकच गोष्ट बाहेर पडली.

"डिंके, तो हरवला नव्हता. मी लपवला होता."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ताई, तुला खोटं बोलता येत नाही. टोपली काय उपडी करतेस!" डिंकीचा आवाज सैल पडायला लागला होता, पण चेहरा पहिल्यांदाच कोणी न ओढता स्वतःहून शांत होत चालला होता.

"मग मला सांगायचं नाहीस? दुखतंय म्हणून सांगायचं नाहीस? एकदा जरी नीट मागितला असतास—"

"मागत होते की," डिंकी म्हणाली. "रोज."

ताई कशीबशी म्हणाली, "मी तुला मागत होते गं. देवाकडे. मीही रोज."

डिंकीनं हे ऐकलं असावं. तिनं बोटं हलवली, ताईच्या तळहातावर ठेवली. कित्येक दिवसांत त्या बोटांना डिंक लागला नव्हता, कातडी मऊ पडली होती. "किती छळलंस त्याला," ती पुटपुटली. "आणि मला." त्यात राग नव्हता. राग असता तर ताईला जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतर डिंकी बोलली नाही. नर्सनं वेळोवेळी सुई दिली आणि दोन दिवस ती झोपून राहिली. संपादकांचा फोन वाजून वाजून बंद पडला. ताई खाटेपाशी बसून होती. हात जोडायची तिच्या हातांना सवयच होती, ते आपोआप जोडले गेले, आणि ओठांवर आयुष्यभराचं तेच वाक्य आलं, अजून एक दिवस. तिनं डिंकीच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर आठी नव्हती, दातांत उशीचा कोपरा नव्हता. अजून एक दिवस म्हणजे कोणाचा दिवस, आणि तो काढायचा कोणी, हे तिला आता माहीत होतं. आपल्या भीतीला ती इतकी वर्षं श्रद्धा म्हणत आली होती, आणि लोकांनाही तीच वाटून देत आली होती, हेही तिला तिथेच बसल्या बसल्या कळलं, आणि त्याचं करायचं काय ते कळलं नाही.

तिनं जोडलेले हात सोडले आणि डिंकीचा हात हातात घेतला.

"जा गं," ती म्हणाली. "मी काही मागत नाही."

डिंकी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला गेली. ताईनं तोवर खरंच काही मागितलं नाही. तिला तेवढंच जमलं, आणि तेही उशिरा.